१६ दिवस झाले, गोळीचा गुण का येत नाही?

प्रश्न : मी ३८ वर्षांची आहे. सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत शिकवते. गेलं वर्षभर मन कशातच लागत नाही. वर्गात उभी राहते, पण फळ्याकडे तोंड केलं की रडू येतं. घरच्यांच्या आग्रहावरून शेवटी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी नैराश्य आहे असं सांगून रात्रीच्या जेवणानंतर घ्यायला एक गोळी दिली. पाकिटावर एसिटालोप्राम १० आणि क्लोनाझेपाम ०.५ असं लिहिलेलं आहे. पहिले सहा दिवस अर्धी, नंतर पूर्ण. आज १६ दिवस झाले. झोप लागते, पण मन होतं तिथंच आहे. पहिल्या आठवड्यात मळमळ आणि डोकेदुखी फार झाली, आता कमी आहे. पुण्याच्या माझ्या जाऊबाईंना ५० ची गोळी चालू आहे, सर्ट्रालीन नावाची, आणि त्या आता एकदम छान आहेत. मला फक्त १० ची, म्हणजे डोस फारच हलका दिलाय असं वाटतं. मी रात्री दोन गोळ्या घेऊ का? सासूबाई म्हणतात, या गोळ्यांची सवय लागते, आत्ताच बंद कर. डॉक्टरांनी महिन्याने बोलावलंय. कधी कधी वाटतं, झोपले ती उठूच नये. पण मी तसलं काही करणार नाही, काळजी नसावी.

उत्तर : ताई, तुमच्या पत्राची शेवटची दोन वाक्यं मी आधी घेतो. ‘उठूच नये’ असं वाटणं हा नैराश्याच्या आजाराचाच भाग आहे. त्यात तुमचा काही दोष नाही. पण डॉक्टरांना ते कळल्याशिवाय त्यांनी ठरवलेली महिन्यानंतरची तारीख योग्य की अयोग्य हे ठरत नाही. पहिल्या भेटीत हे तुम्ही सांगितलं नसेल, तर आजच दवाखान्यात फोन करा. फोन कंपाउंडरने उचलला तरी संकोच करू नका. ‘मला मरणाचे विचार येतात, डॉक्टरांशी आजच बोलायचंय’ एवढं एक वाक्य पुरेसं आहे. घरात एका माणसाला हे माहीत असू द्या, आणि गोळ्यांची पाकिटं काही आठवडे त्याच्याकडे राहू द्या. एका वेळी महिन्याभराच्या गोळ्या घरात आणून ठेवण्याऐवजी आठवड्याच्या आणा. हा विचार नुसता येण्यापुरता न राहता ‘कसं करावं’ इकडे वळला, तर फोनची वाट पाहत बसू नका, जवळच्या रुग्णालयात थेट जा. रात्री-अपरात्री बोलायला कोणी नसेल, तर १४४१६ हा सरकारच्या टेली-मानसचा क्रमांक आहे. तो २४ तास चालू असतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

आता गोळीबद्दल. दोन गोळ्या घेऊ नका, आणि बंदही करू नका. आहे तीच एक, ठरल्या वेळी चालू ठेवा. याची कारणं नीट सांगतो, कारण नुसतं ‘डॉक्टरांचं ऐका’ म्हणून कोणाच्या मनाचं समाधान होत नाही, आणि तुमचा प्रश्न रास्त आहे.

पाकीट हातात घेऊन पुन्हा एकदा वाचा. तुमच्या एका गोळीत दोन औषधं आहेत. एसिटालोप्राम हे नैराश्यावरचं, आणि क्लोनाझेपाम हे धडधड, बेचैनी कमी करणारं, झोप आणणारं. आपल्याकडे ही जोडगोळी सर्रास मिळते, काही कंपन्या नावापुढे ‘प्लस’ लावतात. तुम्हाला झोप लागते ती बहुधा क्लोनाझेपामने. त्याचा परिणाम त्याच रात्री दिसतो. नैराश्याचं खरं औषध अजून कामाला लागायचंय. हे माहीत नसलं की माणसाला वाटतं, ‘गोळीचा झोपेपुरता गुण आला, बाकी काही नाही, म्हणजे पॉवर कमी पडली.’ आणि तुम्ही म्हणता तशा दोन घेतल्या, तर एसिटालोप्राम २० होईल, पण त्याबरोबर क्लोनाझेपामही १ मिलिग्रॅम होईल, जे तुम्हाला कोणीच सांगितलेलं नाही. सकाळी डोकं जड, चालताना तोल जातोय असं वाटणं, वर्गात शब्द न आठवणं, हे त्यातून होतं. शाळेत स्कूटीवरून जात असाल तर धोका आणखी मोठा. आत्ताही सकाळी गुंगी राहत असेल, तर गाडी चालवू नका आणि ते डॉक्टरांना सांगा.

जाऊबाईंच्या ५० चं काय? दोन वेगळ्या औषधांच्या मिलिग्रॅमची तुलना होत नाही. सोनं ग्रॅममध्ये मोजतात आणि ज्वारी किलोत, म्हणून ज्वारी महाग ठरत नाही. सर्ट्रालीनची ५० ही नेहमीची सुरुवातीची मात्रा आहे, गरज पडली तर ती २०० पर्यंत नेतात. एसिटालोप्रामची नेहमीची मात्रा १०, आणि कमाल २०. फ्लुओक्सेटीन हे नैराश्यावरचं आणखी एक औषध २० ने सुरू होतं. म्हणजे तुमची १० आणि त्यांची ५० या दोन्ही आपापल्या औषधाच्या पूर्ण, उपचाराला पुरेशा मात्रा आहेत. तुम्हाला कोणी हलका डोस दिलेला नाही. आजार किती मोठा, हेही त्या आकड्यावरून कळत नाही. अमिट्रिप्टिलीन नावाचं जुनं औषध अर्धशिशीसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी १० किंवा २५ मिलिग्रॅम देतात, आणि नैराश्यासाठी तेच औषध बरेचदा ७५ ते १५० पर्यंत न्यावं लागतं. एकाच औषधाचे आकडे आजारानुसार एवढे बदलतात, तर दोन वेगळ्या औषधांचे आकडे शेजारी ठेवून काय हाती लागणार?

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण ‘डोस दुप्पट केला की गुण दुप्पट’ ही समजूत फार पसरलेली आहे. एसिटालोप्राम, सर्ट्रालीनच्या गटातली औषधं मेंदूतल्या पेशींमध्ये सेरोटोनिन, म्हणजे पेशीपेशींत निरोप पोचवणारं एक रसायन, परत ओढून घेणारी जागा अडवतात. मेंदूचे पेट स्कॅन करून झालेल्या अभ्यासांत असं दिसलं की नेहमीच्या किमान उपचार मात्रेतच यातल्या सुमारे ८० टक्के जागा अडवल्या जातात. मात्रा दुप्पट केली तर त्यात थोडीच भर पडते. मळमळ, अस्वस्थता, घाम, शरीरसंबंधातल्या अडचणी मात्र वाढू शकतात. काहींना १० पुरत नाही आणि २० लागते, हे खरंच आहे. पण ते ठरवायला आधी १० ला पुरेसा वेळ दिलेला असावा लागतो. १६ दिवसांतले पहिले सहा तर तुमचे अर्ध्या गोळीचे होते. पूर्ण मात्रेवर तुम्ही फक्त दहा दिवस आहात.

एवढा वेळ का लागतो, हा प्रश्न मला ओपीडीत जवळजवळ रोज येतो. डोकेदुखीची गोळी अर्ध्या-पाऊण तासात काम करते, मग ही का नाही? सेरोटोनिन परत ओढणाऱ्या जागा खरं तर पहिल्या गोळीनंतर काही तासांतच अडायला लागतात. पण बाहेर सेरोटोनिन वाढलंय हे जाणवताच ते बनवणाऱ्या पेशी सुरुवातीला स्वतःचं काम कमी करतात, म्हणून पहिले काही दिवस एकूण फरक फारसा पडत नाही. दोन-तीन आठवड्यांत पेशींची ही सावधगिरी सैल होते. त्यानंतर पेशींमधल्या जोडण्यांत जो बदल होतो, तो आणखी सावकाश चालतो. आज या उशिराचं साधारण असं स्पष्टीकरण दिलं जातं. शिवाय एसिटालोप्राम रक्तात एका ठरावीक पातळीला स्थिरावायलाच सुमारे आठवडा घेतं. अर्धीवरून पूर्ण केली की तो आठवडा पुन्हा मोजायचा.

या उशिराची सगळ्यात वाईट बाजू अशी की त्रास आधी येतो आणि गुण मागून. तुमची मळमळ, डोकेदुखी त्यातलीच. बहुतेकांची ती पहिल्या एक-दोन आठवड्यांत ओसरते, तशी तुमचीही ओसरतेय. नेमकं याच काळात ‘औषध सोसत नाही आणि काही उपयोगही नाही’ असं म्हणून अनेकजण गोळी टाकून देतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण आणखी दोन-तीन आठवडे धीर धरला असता तर त्यातल्या कित्येकांना बरं वाटलं असतं. या दिवसांत काय होईल, हे गोळी लिहून देतानाच पाच मिनिटं बसून सांगायला हवं, आणि ती जबाबदारी आम्हा डॉक्टरांची आहे.

मग गुण येतो तो कसा ओळखायचा? मन एका सकाळी एकदम प्रसन्न होईल, अशी वाट पाहू नका. आधी किरकोळ गोष्टी हलतात. तपासायच्या वह्यांचा गठ्ठा उघडला जातो. फोन वाजल्यावर तो उचलावासा वाटतो. जेवणाची चव कळते. संध्याकाळ सकाळपेक्षा थोडी हलकी जाते. बऱ्याचदा हे रोग्याच्या आधी घरच्यांना दिसतं, म्हणून घरी कोणाला तरी विचारत राहा. उदासी आणि ‘माझा काही उपयोग नाही’ ही भावना सगळ्यात शेवटी सुटते. यात एक नाजूक भागही आहे. कधी कधी अंगातली शक्ती आधी परत येते आणि मनातला अंधार तसाच असतो. म्हणून सुरुवातीचे आठवडे, आणि नंतर जेव्हा जेव्हा मात्रा बदलेल तेव्हाचे दिवस, जास्त सांभाळायचे असतात. २५ वर्षांखालच्या मुलामुलींमध्ये तर सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००४ मध्ये या औषधांवर ठळक इशारा छापायला लावला आणि २००७ मध्ये त्याची वयोमर्यादा २४ पर्यंत वाढवली. तुम्ही त्या वयात नाही, पण सावध राहण्याचं कारण तुमच्याच पत्रात आहे, म्हणूनच मी तिथून सुरुवात केली.

साधारण हिशेब असा. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी काहीतरी किंचित हलल्याची खूण बऱ्याच जणांत दिसते. पूर्ण मात्रेवर चार आठवडे होऊनही तसूभर फरक नसेल, तर डॉक्टर मात्रा वाढवण्याचा किंवा औषध बदलण्याचा विचार करतात. थोडा फरक असेल, तर सहा ते आठ आठवडे वाट पाहणं योग्य. अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, ज्याचे निकाल २००६ मध्ये आले, पहिल्या औषधाने पूर्ण बरे झालेले लोक सुमारे २८ ते ३३ टक्के होते, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना सहा आठवड्यांहून जास्त वेळ लागला होता. हा आकडा वाचून घाबरू नका. पहिल्या गोळीने पुरतं बरं वाटलं नाही तर दुसरी, तिसरी वाट असते, त्याबरोबर समुपदेशन असतं. पहिलं औषध लागू पडलं नाही म्हणजे आजार बरा न होणारा आहे, असा अर्थ काढू नका.

डॉक्टरांकडे जाताना एक कागद न्या. नैराश्य मोजायची नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ नावाची एक साधी प्रश्नावली आहे, ती मराठीतही आहे. त्यात ० ते २७ गुण असतात. दर रविवारी ती भरा आणि गुण लिहून ठेवा. वाईट दिवशी मागचे सगळेच दिवस वाईट होते असं वाटतं, कागदावरचे आकडे मात्र खरं सांगतात. गुण निम्म्यावर आले तर औषध लागू पडतंय, ५ च्या खाली गेले तर आजार जवळजवळ उतरला, असं डॉक्टर धरतात. प्रश्नावलीतला शेवटचा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. त्याचं उत्तर शून्य नसेल तर रविवारच्या हिशेबाची वाट न पाहता त्याच दिवशी फोन करायचा.

काही गोष्टी डॉक्टरांनी विचारल्या नसतील तर तुम्ही आपणहून सांगा. आयुष्यात पूर्वी कधी चार-पाच दिवस किंवा जास्त काळ झोप न घेताही भरपूर उत्साह, खूप बोलणं, वारेमाप खर्च असं झालं होतं का, किंवा घरात कोणाला तसा आजार आहे का? असेल तर फक्त नैराश्याची गोळी देणं बरोबर नसतं. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासलं नसेल तर विचारा, विशेषतः तुम्ही शाकाहारी असाल तर. शरीरसंबंधाची इच्छा कमी झाली किंवा सुख लागायला फार वेळ लागू लागला, तर तेही स्पष्ट सांगा. या गोळ्यांचा तो नेहमीचा त्रास आहे. लाजेने कोणी बोलत नाही, गोळी मात्र गुपचूप बंद करतात. त्यावर उपाय असतात. डोकं दुखलं तर पॅरासिटामॉल चालेल. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणून रोज घेऊ नका, या औषधाबरोबर त्यांनी पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो. ट्रॅमाडॉल तर विचारल्याशिवाय अजिबात नको. एखाद्या रात्री गोळी राहिली, तर दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून दोन घेऊ नका.

सासूबाईंची शंका मात्र उडवून लावण्यासारखी नाही, ती अर्धी खरी आहे. सवय लागते ती क्लोनाझेपामची. ते शक्यतो दोन ते चार आठवड्यांपुरतं असावं आणि नंतर हळूहळू कमी करत बंद करावं. म्हणून पुढच्या भेटीत डॉक्टरांना हे नक्की विचारा : ‘जोडगोळीवरून साध्या एसिटालोप्रामवर मला कधी नेणार?’ कित्येकजण वर्षानुवर्षं जोडगोळीच घेत राहतात, कारण हा प्रश्न कोणी विचारतच नाही. आणि विचारल्यावर पाकीट बदललं, तर मेडिकलवाल्याने जुनंच दिलं नाही ना, हे घटकद्रव्यं वाचून पाहा. एसिटालोप्रामची तशी चटक लागत नाही. मात्रा वाढवावी अशी तलफ येत नाही. पण ते अचानक बंद केलं तर काही दिवस गरगरणं, चिडचिड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं असा त्रास होऊ शकतो. तुमचे आत्ता १६ दिवसच झालेत, तरीही मधेच तोडू नका. बरं वाटू लागल्यावर साधारण सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवतात, पूर्वी हा आजार येऊन गेला असेल तर त्याहून जास्त. मग डॉक्टरांच्या सांगण्यानुसार पायरीपायरीने उतरवतात.

पुढच्या वेळी सासूबाईंना दवाखान्यात बरोबर घेऊन जा. सवयीचा प्रश्न त्यांनाच डॉक्टरांना विचारू द्या. उत्तर त्यांनी स्वतः ऐकलं, तर घरी रोज रात्री गोळी घेताना तुम्हाला कोणाची समजूत घालत बसावं लागणार नाही.